टोचणार तर दादाच : डायलिसिस युनिटमधल्या एका सीनियरचं प्रकरण

प्रकरण एका धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयातलं आहे. पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं ठिकाण, शंभरेक खाटा, आणि मागच्या बाजूला जुन्या प्रसूतिगृहाच्या जागेत डायलिसिस युनिट. मी रुग्णालयांच्या मानांकनाचं काम करते. तिथे गेले ती रजिस्टरं आणि फॉर्म लावून द्यायला. भांडण सोडवायला मला कोणी बोलावलं नव्हतं. पण रजिस्टर लावायला बसलं की भांडण आपोआप पुढ्यात येतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि माणसांना नावं दिलेली नाहीत.

युनिटमध्ये सात मशीन. त्यातलं एक हिपॅटायटिस बी असलेल्या पेशंटसाठी राखीव. सकाळची शिफ्ट साडेसातला लागते, दुपारची साडेबाराला. एक डायलिसिस चार तासांचं. मधला तास मशीन आतून निर्जंतुक करण्यात, नवीन ट्युबिंग चढवून ती सलाईनने भरून घेण्यात (प्रायमिंग) जातो. त्या तासात फट नसते. सकाळी एखादं मशीन पाऊण तास उशिरा लागलं, तर त्या मशीनवरचा दुपारचा पेशंटही पाऊण तास उशिरा सुटतो. दुपारचे निम्मे पेशंट वाड्यावस्त्यांवरचे, आणि त्यांची शेवटची एसटी साडेपाचची. ही साडेपाचची गाडी लक्षात ठेवा, तिचं काम पुढे आहे.

माणसं मोजकी. एक इन्चार्ज सिस्टर, तिच्या हाताखाली दोन स्टाफ नर्स, चार टेक्निशियन, एक मामा, एक मावशी. नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, शहरातून आठवड्यातून एकदा, मंगळवारी राउंडला येतात, एरवी फोनवर. पेशंट चाळीसच्या वर, बहुतेक महात्मा फुले जन आरोग्य योजनेतले, म्हणजे पैसे पेशंट देत नाही, क्लेम मंजूर झाला की येतात. विश्वस्तांना युनिटबद्दल एकच आकडा पाठ असतो : महिन्याला किती डायलिसिस झाली.

चार टेक्निशियनपैकी एकाबद्दल हे प्रकरण आहे. पेशंट त्यांना दादा म्हणतात, ज्युनियर सर म्हणतात. मीही दादाच म्हणते.

दादा युनिटमध्ये दोन मशीन होती तेव्हापासून आहेत. हात असा, की ज्या फिस्टुलाला, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेला, शहरातल्या मोठ्या रुग्णालयात तीनदा टोचून सुई बसली नाही, तिथे ते बोटांनी आतल्या रक्ताची थरथर चाचपतात आणि सोळा नंबरची सुई एका झटक्यात आत घालतात. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये दोन ज्युनियर घरी अडकले, तेव्हा दादांनी युनिट जवळपास एकट्याने चालवलं. डायलिसिस पुढे ढकलता येत नाही. आठवडाभर चुकलं तर माणूस जाऊ शकतो. त्या काळात वाचलेले पेशंट आजही त्यांच्या पाया पडतात. हे सगळं खरं आहे, आणि ते आधी सांगायला हवं, कारण ‘त्रासदायक सहकारी’ म्हटलं की आपण कामचुकार माणूस डोळ्यांसमोर आणतो. कामचुकाराचा बंदोबस्त त्या मानाने सोपा असतो. अवघड जातो तो कामाला वाघ असलेला.

आता दुसरी बाजू. सिस्टरने मला सांगितलेला एक प्रसंग मी पुढे स्वतःही पाहिला, थोड्याफार फरकाने. सकाळी सात चाळीस. तीन नंबरच्या मशीनवर एक ज्युनियर मुलगी पेशंटच्या हाताला पट्टा बांधून सुई उघडतेय. सहा नंबरवरून दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतात, ‘‘ए, थांब! तो हात काय प्रॅक्टिसला दिलाय का तुला? सरक बाजूला.’’ पेशंट हात मागे घेतो. मुलगी सुई ट्रेमध्ये ठेवते. दादा मात्र लगेच येत नाहीत. आधी सहा नंबर, मग चार, मग चहा. तीन नंबरचं मशीन लागतं आठ पंचवीसला. दुसऱ्या खेपेला तोच पेशंट खाटेवर टेकायच्या आधीच सांगतो, ‘‘टोचणार तर दादाच. नाहीतर मी थांबतो.’’

अपमान मुलीचा झाला, हे कोणालाही दिसतं. पण त्याचबरोबर आणखी एका पेशंटचा हात दादांच्या नावावर चढला, हे सिस्टरला बऱ्याच उशिरा उमगलं. एकेचाळीस पेशंटपैकी सव्वीस जण फक्त दादांकडूनच टोचून घेत होते. म्हणून दादांची ड्युटी कायम सकाळी. म्हणून त्यांची रजा म्हणजे युनिटवर संकट. म्हणून एमएस साहेब, म्हणजे मेडिकल सुपरिंटेंडंट, त्यांना दुखवत नसत.

बाकीचं याच धाटणीचं. ड्युटीचा तक्ता सिस्टर लावायची आणि रात्री दहाला दादा व्हॉट्सॲपवर परस्पर बदलायचे : ‘उद्या तू दुपारी ये.’ मशीन कंपनीच्या इंजिनियरचा नंबर फक्त त्यांच्या फोनमध्ये. आरओ प्लांटच्या, म्हणजे डायलिसिसचं पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या, देखभालीचं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात. आणि शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी, तिच्यात कोणत्या पेशंटचं ड्राय वेट, म्हणजे अंगात साठलेलं जादा पाणी काढून टाकल्यावर असायला हवं ते वजन, किती, हे ताजं लिहिलेलं. डॉक्टर राउंडला तोंडी सांगायचे, दादा डायरीत टिपायचे, पेशंटच्या शीटवर ते कधी चढायचं तर कधी नाही. सिस्टरशी ते बोलतच नसत. निरोप मामांच्या हाती.

सिस्टर आधी आयसीयूत होती. तिला इथे इन्चार्ज केलं तेव्हा दादांना वाटलं होतं की ती खुर्ची आपली. एवढी वर्षं काढूनही त्यांचं पद नेमणूकपत्रातलंच राहिलं होतं, ‘टेक्निशियन’. सीनियर हा शब्द लोकांच्या तोंडी, कागदावर कुठेच नाही. पगारवाढ सगळ्यांसारखीच. मला विचाराल तर या प्रकरणाची निम्मी मुळं इथे आहेत. व्यवस्थापनाने हक्काचं काही दिलं नाही, म्हणून दादांनी ते युनिटमधून आपल्या परीने वसूल केलं : सकाळची ड्युटी, सोपे पेशंट, शेवटचा शब्द. पण हे समजून घेतल्याने तीन नंबरवरच्या मुलीचं काही भलं होत नाही. त्यांच्यावर अन्याय झाला आणि त्यांनी तो खाली वाटला, दोन्ही खरं.

अर्ज

सिस्टरने आधी तोंडी सांगून पाहिलं. एमएस साहेबांची उत्तरं ठरलेली : ‘‘स्वभाव आहे त्यांचा.’’ ‘‘मनाने चांगले आहेत.’’ ‘‘तुम्ही इन्चार्ज आहात, तुम्हीच सांभाळून घ्या.’’ एकदा त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकलं, की शेजारच्या गावात नवीन डायलिसिस सेंटर निघतंय आणि दादांना तिकडून बोलावणं आहे. ते गेले तर ट्रस्टींना तोंड कोण देणार? त्यात एका विश्वस्तांच्या मेव्हण्यांचं डायलिसिस इथेच, आणि टोचणारे दादाच.

मग आपल्याकडे होतं ते झालं. सामूहिक अर्ज. दोन नर्स, तीन ज्युनियर आणि सिस्टर, सहा सह्या. तो कागद मी वाचलाय. ‘उद्धट वर्तन’, ‘मनमानी’, ‘मानसिक त्रास’, ‘योग्य ती कारवाई व्हावी ही नम्र विनंती’. दीड पान, आणि त्यात एकही तारीख नाही, एकही वाक्य जसंच्या तसं नाही, मशीनचा नंबर नाही.

अर्ज संध्याकाळपर्यंत दादांपर्यंत पोचला. दोन दिवसांनी साहेबांनी सगळ्यांना एकत्र बसवलं, चहा-बिस्किटं मागवली आणि ‘आपण एक कुटुंब आहोत’ या धर्तीवर बोलले. दादांनी एकच विचारलं, ‘‘कुणाला काय त्रास झाला, माझ्यासमोर सांगा.’’ सगळे गप्प. तीन नंबरवरची मुलगी म्हणाली, ‘‘माझी तशी काही तक्रार नाही सर.’’ दोन महिन्यांनी ती नोकरी सोडून पुण्याला गेली. राजीनाम्यात कारण लिहिलं : घरगुती.

अर्जाचा राग मला येत नाही. सहा माणसं एकत्र येतात तेव्हा धीर लागतो. पण व्यवस्थापनाच्या टेबलावर असा अर्ज पडला की प्रश्न बदलतो. काय घडलं, हे मागे पडतं आणि कोण कोणाच्या बाजूने, हे पुढे येतं. सहा विरुद्ध एक, तर त्या एकाच्या मागे सव्वीस पेशंट आणि एक विश्वस्त. साहेबांनी मनातल्या मनात ही मोजणी केली असणार. शिवाय विशेषणांवर कारवाई होत नाही. ‘उद्धट’ला ‘मी नाही उद्धट’ एवढं उत्तर पुरतं. आणि सगळ्यांना एका खोलीत बसवून ‘बोला’ म्हणणं हा तर शुद्ध पळपुटेपणा. ज्याला लोक घाबरतात त्याच्यासमोर कोण बोलणार?

सोडून दिलेल्या वाटा

अर्ज फसल्यावर युनिटमध्ये बऱ्याच कल्पना निघाल्या. एका नर्सचं म्हणणं, फोन खिशात चालू ठेवून रेकॉर्डिंग करू. सिस्टरने ते हाणून पाडलं, बरं केलं. त्या हॉलमध्ये पेशंट असतात, त्यांचे आजार, त्यांची बोलणी रेकॉर्ड होणार. उद्या तोच आरोप उलटला असता. दुसरी वाट, थेट विश्वस्तांकडे जायचं. ज्या घरचा माणूस दादांच्या हातून टोचून घेतो त्या घरी ही तक्रार घेऊन जाणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. तिसरी वाट बदलीची. सिस्टर परत आयसीयूत जाऊ शकत होती. ती गेली असती तरी मी तिला नावं ठेवली नसती.

कायद्याचंही पाहिलं. नुसत्या उर्मटपणाला, टोमण्यांना, अबोल्याला आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. वागणूक लैंगिक स्वरूपाची असेल तर गोष्ट वेगळी : २०१३च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची आणि समितीने चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. तिथे ‘सांभाळून घ्या’ म्हणायची मुभा साहेबांना नसते. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत अपमान झाला तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, तो थेट पोलिसांचा विषय. दादांनी एकदा त्या मुलीला ‘‘लग्न करून जाशील, शिकून काय दिवे लावणारेस’’ असं सुनावलं होतं. वाक्य बाई म्हणून हिणवणारं, पण समितीच्या कक्षेत ते बसेल याची खात्री नव्हती. सिस्टरने तारखेसह लिहून ठेवलं. ओढूनताणून तक्रार बसवायची नाही असं तिने ठरवलं आणि मला ते पटलं. एक तक्रार खोटी ठरली की पुढच्या चार खऱ्या तक्रारी बाद होतात.

रजिस्टर

मी तिथे पोचले ती साधारण या टप्प्यावर. मानांकनासाठी युनिटचं शिफ्ट रजिस्टर नव्याने आखायचं होतं, ते आम्ही दोघींनी आखलं. रकाने अगदी कोरडे : मशीन नंबर, पेशंट आला किती वाजता, मशीन लागलं किती वाजता, उशीर वीस मिनिटांपेक्षा जास्त असेल तर कारण, सुटलं किती वाजता, एसटी मिळाली की नाही. शेवटचा रकाना सिस्टरच्या डोक्यातला. मी मोठमोठ्या रुग्णालयांची रजिस्टरं पाहिली आहेत, असा रकाना कुठे पाहिला नव्हता.

लिहिण्याचा नियम एकच : दादांसमोर मोठ्याने वाचून दाखवता येईल तेवढंच लिहायचं. म्हणजे ‘दादा मुद्दाम उशिरा आले’ असं नाही. असं : ‘मशीन ३. पेशंट ७.२० हजर. टेक्निशियन तयार ७.४०. पेशंटने दादांसाठी थांबायचं सांगितलं. मशीन लागलं ८.२५.’ मुद्दाम की सहज, हा निवाडा वाचणाऱ्यावर सोडायचा. पहिल्या आठवड्यात नर्सेसना हे जमेना, कारणाच्या रकान्यात सगळा राग उतरायचा. सिस्टर खाडाखोड न करता खाली पुन्हा लिहून घ्यायची.

महिन्याअखेरीस ती साहेबांकडे गेली ती तक्रार घेऊन गेली नाही. एका पानाचा तक्ता. सकाळी उशिरा लागलेली मशीन, त्यामुळे उशिरा सुटलेले दुपारचे पेशंट, चुकलेल्या गाड्या. गाडी चुकलेले काही पेशंट रात्री वॉर्डाच्या बाकांवर झोपले होते आणि त्यांच्या नातेवाइकांनी रिसेप्शनवर आवाज चढवला होता, ते साहेबांना आठवत होतं. कारण मात्र आज पहिल्यांदा कळलं. ते एवढंच म्हणाले, ‘‘बघतो.’’ बघितलं काहीच नाही. पण तक्ता त्यांनी फाडलाही नाही, फाइलला लावला.

अमेरिकेत रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने जुलै २००८मध्ये एक इशारा काढला होता : कर्मचाऱ्यांची धमकावणारी, अपमान करणारी वागणूक ही रुग्णाच्या सुरक्षिततेला धोका आहे. कारण अपमानाला घाबरणारा माणूस विचारायचं टाळतो आणि अंदाजाने काम करतो. मी प्रशिक्षणात हे अनेकदा सांगते, लोक माना डोलावतात. या युनिटमध्ये ते घडलं.

आजींचं वजन

दुपारच्या शिफ्टला एक आजी यायच्या. आजींच्या शीटवर ड्राय वेट ५२ किलो लिहिलेलं. मंगळवारच्या राउंडला डॉक्टरांनी आजींची भूक सुधारलेली, अंग भरलेलं पाहिलं आणि दादांना सांगितलं, ‘‘त्रेपन्न करा.’’ दादांनी डायरीत टिपलं. शुक्रवारी आजी आल्या त्या ५४.८ भरल्या. ड्युटीवर होता ज्युनियर मुलगा. त्याने शीट पाहिलं आणि मशीनवर २.८ लिटर लावलं. काढायला हवं होतं १.८.

किलोमागे ताशी १३ मिलीलिटरपेक्षा जास्त वेगाने पाणी ओढलं तर हृदयावर ताण येतो, असं या क्षेत्रात मानतात. आजींचा वेग त्याच्या किंचित वर गेला. तिसऱ्या तासाला त्या जांभया देऊ लागल्या, मग पोटऱ्यांत गोळे, अंगाला घाम. बीपी ८०/५०. मुलाने पाणी ओढणं थांबवलं, खाटेचा पायथा वर केला, सलाईन सोडलं. वीसेक मिनिटांत आजी सावरल्या. एसटी गेलीच होती, रात्रभर त्यांना वॉर्डात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा त्या मुलाला म्हणाले, ‘‘मला विचारायचं ना. फोन करायला काय झालं होतं?’’ मुलगा खाली मान घालून उभा. पुढे त्याने सिस्टरला सांगितलं, की आकडा त्याला जरा जास्तच वाटला होता. पण मागच्या वेळी फोन केला तेव्हा ‘‘एवढंही कळत नसेल तर पानाची टपरी टाक’’ असं उत्तर मिळालं होतं.

सिस्टरने घटनेचा फॉर्म भरला. मानांकनात असे प्रकार नोंदवून त्यांचं कारण शोधणं अपेक्षित असतं आणि तपासनीस ती फाइल उघडून बघतात. फॉर्ममध्ये ‘दोषी कोण’ असा रकाना मुद्दामच ठेवलेला नव्हता. तिने लिहिलं : ‘नवीन ड्राय वेट शीटवर नव्हतं. ते तोंडी सांगितलं गेलं होतं आणि एका टेक्निशियनच्या खासगी डायरीत होतं. टेक्निशियनला शंका आली होती, त्याने विचारलं नाही.’ आणि खाली, काय बदलावं : ‘ड्राय वेटचा बदल डॉक्टरांनी शीटवर लिहून सही केल्याशिवाय धरू नये.’

या कागदावर साहेबांना सही करावी लागली. तोवर प्रश्न होता ‘दादांना बोलायचं की नाही’ आणि त्याचं उत्तर ठरलेलं होतं. आता प्रश्न ‘डॉक्टरांनी लिहून द्यायचं की नाही’ असा होता. याला नाही म्हणणार कोण?

पुढच्या मंगळवारी डॉक्टरांनी राउंडला शीटवर लिहायला सुरुवात केली. त्यानंतर ते दादांना घेऊन गेटबाहेर चहाला गेले. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयात अशा गप्पांची पद्धतच पाडली आहे : पहिली पायरी म्हणून बरोबरीच्या कोणीतरी, एकांतात, चहा-कॉफी पिता पिता काय घडलं ते सांगायचं, कबुली मागायची नाही, शिक्षा सुनावायची नाही. डॉक्टरांना हे ठाऊक असेल असं वाटत नाही. सिस्टरने त्यांना फक्त सुचवलं होतं की मी बोलून उपयोग नाही, तुम्ही बोला. ते दादांना म्हणाले, ‘‘आजींचं जे झालं त्यात माझीही चूक आहे, मी लिहून दिलं नव्हतं. पण ती पोरं तुम्हाला विचारायला घाबरतात, हे बरं नाही.’’ दादा काही बोलले नाहीत. चहाचे पैसे मात्र त्यांनी दिले.

डायरी त्यांच्या खिशात अजून असते. तिच्यात आता शीटवर नसलेलं काही नसतं.

दोन नावं

खरी गाठ सुईची होती. सिस्टरने भिंतीवर तक्ता लावला : प्रत्येक पेशंटपुढे टोचणाऱ्या दोघांची नावं. एकाच नावाचा पेशंट म्हणजे धोका, कारण तो माणूस आजारी पडला तर काय? दादांविरुद्ध त्यात काही नव्हतं; सव्वीस ठिकाणी पहिलं नाव त्यांचंच होतं. दुसरं भरायचं होतं. नियम असा, की दोनदा सुई बसली नाही तर त्याच माणसाने तिसऱ्यांदा टोचायचं नाही, दुसऱ्याला बोलवायचं. सुरुवात ज्यांचा फिस्टुला जुना, मोठा, बोटाला सहज लागणारा आहे त्यांच्यापासून, आणि शक्यतो मंगळवारी, डॉक्टर हॉलमध्ये असताना.

पेशंटना पटवणं हे सगळ्यांत चिवट काम. फिस्टुला हा त्यांचा जीव असतो. सुई आरपार गेली तर हात सुजतो, काळानिळा पडतो, आठवडाभर वागवावा लागतो. त्यांना दादाच हवे असतात त्यात त्यांचं काय चुकलं? पहिला तयार झाला तो एसटीतून निवृत्त झालेला एक ड्रायव्हर. नवीन ज्युनियर मुलीपुढे हात पसरून म्हणाला, ‘‘टोच गं पोरी. मी नवख्या क्लीनरच्या इशाऱ्यावर घाटात गाडी मागे घेतलीय, तुझी सुई काय घेऊन बसलीस.’’ सुई बसली. त्याने हे दोन्ही शिफ्टमध्ये सांगितलं. साडेपाचची गाडी चुकण्याचा जाच दुपारच्या लोकांना ठाऊक होताच, त्यामुळे तिकडे काम भराभर सरकलं. चार-पाच महिन्यांत एकट्या दादांच्या नावावर सहा पेशंट उरले. विश्वस्तांचे मेव्हणे त्या सहांत.

दादांनी हे सगळं गप्प बसून पाहिलं नाही. महिनाभर ते घड्याळ लावून काम करत होते, ड्युटी संपली की सुईला हातही लावायचा नाही. मग एक दिवस साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. याआधी दोनदा असं झालं होतं आणि दोन्ही वेळा साहेबांनी घरी जाऊन समजूत काढली होती. या वेळी त्यांनी सिस्टरला बोलावलं. ती भिंतीवरचा तक्ता उतरवून घेऊन गेली. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, ‘‘म्हणजे उद्या ते आले नाहीत तर युनिट चालेल?’’ सिस्टर म्हणाली, ‘‘सहा जणांचे हाल होतील. बाकीचं चालेल. पण ते राहिले तर बरं, मशीनमधलं त्यांच्याएवढं कुणाला कळत नाही.’’

तिचं दुसरं वाक्य डावपेच नव्हता, मी तिला विचारलंय. मशीन आणि आरओ प्लांटची जबाबदारी लेखी त्यांच्याकडे द्यावी, ‘सीनियर टेक्निशियन’ हे पद आणि त्याचा भत्ताही द्यावा, असं तिने सुचवलं. इंजिनियरचा नंबर आणि देखभालीचं वेळापत्रक भिंतीवर लागेल, ही अट. ज्युनियरना शिकवण्याचं काम त्यांना देऊ या, असा साहेबांचा आग्रह होता. तो तिने मोडून काढला. असा माणूस ‘प्रशिक्षक’ केला की सुधारतो, ही व्यवस्थापनाची लाडकी समजूत. ज्याला ज्युनियरशी नीट बोलता येत नाही त्याच्या ताब्यात ज्युनियरच देणं, यात सोय फक्त वरच्यांची असते.

साहेब घरी गेले नाहीत. राजीनामा टेबलावर तीन दिवस पडून राहिला, चौथ्या दिवशी दादांनीच तो परत नेला. पद मिळालं, भत्ता मिळाला, तोही सिस्टरने मागितल्याच्या निम्मा.

आजची स्थिती अशी. पेशंटसमोर ओरडणं बरंच कमी झालंय, बंद झालेलं नाही. ड्युटीचा तक्ता परस्पर बदलणं थांबलं, कारण आता बदलावर सिस्टरची सही लागते आणि ज्युनियर सहीशिवाय हलत नाहीत. दादा सिस्टरशी अजूनही बोलत नाहीत. हँडओव्हर शीटवर मात्र नीट लिहितात, अक्षर सुंदर आहे. सोडून गेलेली मुलगी परत आली नाही. ‘‘यापुढे असं चालणार नाही,’’ हे वाक्य साहेबांनी दादांना आजतागायत ऐकवलेलं नाही, आणि ऐकवतील अशी सिस्टरची अपेक्षाही उरलेली नाही.

एप्रिलमध्ये पगारवाढीचे मूल्यमापन फॉर्म भरायचे असतात. त्यात हजेरी, कामाचा वेग, कौशल्य आणि गणवेश असे रकाने आहेत. सहकाऱ्यांशी वागणुकीचा नाही. सिस्टरने तो रकाना आखून फॉर्म साहेबांमार्फत विश्वस्त मंडळाकडे पाठवलाय. मागच्या बैठकीत वेळेअभावी तो विषय पुढे ढकलला गेला.